सांध्याचा इतिहास : प्रकाशतंतूंचे संरेखन आणि सिलिकॉनमधील सूक्ष्मरचना

प्रकाशतंतूंच्या द्वारे चालणाऱ्या संदेशवहनाचा इतिहास बहुधा दोन शोधांच्या आधारे सांगितला जातो. पहिला शुद्ध काचेचा आणि दुसरा अर्धवाहक लेसरचा. दोन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. १९६६ च्या काचविषयक विचाराबद्दल चार्ल्स काव यांना २००९ मध्ये आणि अर्धवाहकांच्या विषमस्तरीय रचनांबद्दल झोरेस अल्फेरोव्ह व हर्बर्ट क्रोमर यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, काच कितीही शुद्ध असली आणि लेसर कितीही तेजस्वी असला, तरी त्या दोहोंमध्ये एक सांधा असतो, आणि एक तंतू संपून दुसरा सुरू होतो तेथेही सांधा असतो. या सांध्यात प्रकाशाचा अक्ष अक्षाशी काही मायक्रॉनांच्या, पुढे तर मायक्रॉनाच्याही अंशाच्या मर्यादेत जुळवावा लागतो. या क्रियेस संरेखन असे म्हणतात. संरेखनाला लागणारी अचूकता प्रथम कारागिराच्या हातात होती, नंतर ती सिलिकॉनच्या स्फटिकाकडे व वितळलेल्या धातूच्या पृष्ठताणाकडे सोपविण्याचा प्रयत्न झाला. तो कसा झाला, आणि तो पूर्णपणे यशस्वी व्हावयास इतका दीर्घ काळ का लागला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. सांध्याचा प्रश्न केव्हा उत्पन्न झाला

२ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' या नियतकालिकात प्रकाशतंतूंसंबंधी दोन टिपणे प्रसिद्ध झाली. एक डेल्फ्ट येथील अब्राहम व्हान हेल यांचे होते आणि दुसरे लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांचे. दोहोंचा विषय तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेणे हा होता. १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस याने काचेच्या गाभ्याभोवती कमी वक्रीभवनांकाच्या काचेचे आवरण चढविलेला तंतू तयार केला. त्यापासून जठराच्या तपासणीचे लवचिक साधन सिद्ध झाले. या सर्व उपकरणांत तंतूची लांबी एकदोन मीटरांहून अधिक नसे व मध्ये सांधा देण्याची गरज पडत नसे. म्हणून सांध्याचा प्रश्नच निर्माण झाला नाही.

१९६६ मध्ये काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमधून मांडलेल्या निबंधाने परिस्थिती पालटली. तंतूतील ऱ्हास प्रतिकिलोमीटर २० डेसिबेलांपर्यंत खाली आणता आला, म्हणजे एका किलोमीटरअखेर एक शतांश प्रकाश उरला, तरी दूरध्वनीसाठी तंतूचा उपयोग करता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या वेळच्या चांगल्या तंतूंतील ऱ्हास किलोमीटरला हजार डेसिबेलांच्या घरात होता. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक व पीटर शुल्ट्झ यांनी ही मर्यादा ओलांडली. १९७९ पर्यंत जपानमध्ये १.५५ मायक्रॉन तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डेसिबेल इतका अल्प ऱ्हास साध्य झाला.

या प्रगतीचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. समजा, एका सांध्यात अर्धा डेसिबेल, म्हणजे सुमारे ११ टक्के प्रकाश वाया जातो. काचेचा ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबेल असताना हा सांधा २५ मीटर काचेइतकाच महाग पडे, म्हणजे त्याची गणती करण्याचेही कारण नव्हते. ऱ्हास ०.२ डेसिबेलांवर आला, तेव्हा तोच सांधा अडीच किलोमीटर काचेच्या बरोबरीचा झाला. सांधा बदलला नव्हता, पण काच सुधारल्यामुळे त्याचे सापेक्ष मोल शंभरपट वाढले होते. एका शोधाच्या यशामुळे दुसरा प्रश्न पुढे यावा, असा प्रकार तंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार आढळतो. येथे त्याचे प्रमाण अंकांत मांडता येते, हे विशेष होय.

याच काळात तंतूचा गाभाही लहान होत गेला. पहिल्या पिढीतील बहुपथी तंतूंचा गाभा सुमारे ५० मायक्रॉन व्यासाचा होता. दोन तंतूंचे अक्ष ५ मायक्रॉनांनी सरकले, तरी हानी एका डेसिबेलच्या आत राही. बेल लॅबोरेटरीजमधील अभियंत्यांनी आरंभी बहुपथी तंतूंचा पुरस्कार केला, त्यामागे सांध्याची ही सोयही होती. एकपथी तंतूचा गाभा मात्र आठनऊ मायक्रॉनांचाच असतो. डीट्रिच मार्क्यूझ यांनी १९७७ मध्ये 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये दिलेल्या विश्लेषणानुसार, अशा तंतूतील हानी अक्षांमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३ मायक्रॉन तरंगलांबीला १ मायक्रॉन विचलनाने सुमारे ०.२ डेसिबेल आणि २ मायक्रॉनांनी ०.८ डेसिबेल हानी होते, तर ५ मायक्रॉनांनी ती ५ डेसिबेलांच्या वर जाते. म्हणजे जे विचलन बहुपथी तंतूला सहज सोसवे, त्याच विचलनाने एकपथी तंतूतील दोनतृतीयांशाहून अधिक प्रकाश नष्ट होतो.

२. हाताची जुळणी

तंतूला तंतू जोडण्याची, म्हणजे तंत्रज्ञ ज्यास स्प्लाइसिंग म्हणतात त्या क्रियेची, पहिली समाधानकारक रीत काच वितळविण्याची होती. बेल लॅबोरेटरीजमधील डॅन बिस्बी यांनी १९७१ मध्ये तापलेल्या तारेच्या साहाय्याने तंतू जोडून दाखविले. पुढे तारेची जागा विद्युत्‌ठिणगीने घेतली. १९७८ मध्ये जपानमधील हाताकेयामा व त्सुचिया यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. दोन तंतूंची टोके वितळली असता द्रव काचेचा पृष्ठताण त्यांची बाह्य पृष्ठे आपोआप एका रेषेत ओढून आणतो. म्हणजे मनुष्याने केलेली जुळणी थोडी चुकली, तरी निसर्गनियम ती काही अंशी सुधारून घेतो.

तंतू व लेसर यांच्या सांध्यात मात्र ही युक्ती चालत नव्हती. एक काचेचा, दुसरा गॅलियम आर्सेनाइड किंवा इंडियम फॉस्फाइडचा स्फटिक, तेव्हा दोन्ही एकत्र वितळविणे अशक्य होते. शिवाय लेसरच्या तोंडाशी प्रकाशाची रुंदी एकदोन मायक्रॉनच असल्यामुळे तो प्रकाश सपाट टोकाच्या तंतूत सरळ सोडल्यास त्याचा फार लहान भागच आत शिरे. म्हणून तंतूच्या टोकावर सूक्ष्म भिंग घडवावे लागे, आणि भिंग आले की सांध्याची सहनशीलता मायक्रॉनाच्या अंशावर येई. यावर रूढ झालेला उपाय असा होता. लेसर पेटवावयाचा, तंतूच्या दुसऱ्या टोकाशी प्रकाशमापक ठेवावयाचा, सूक्ष्मदर्शकाखाली स्क्रूंच्या साहाय्याने तंतू तिन्ही दिशांना हलवीत मापकातील आकडा कमाल होईल असे स्थान शोधावयाचे, आणि मग डाखाने, चिकट द्रव्याने किंवा लेसर-वेल्डिंगने तो तेथे पक्का करावयाचा. पक्का करीत असताना डाख आकसून तंतू सरकला, तर काम पुन्हा आरंभापासून करावे लागे. यास सक्रिय संरेखन म्हणतात. यात प्रत्येक नगामागे कुशल कामगाराचा बराच वेळ जात असे. ज्या अर्धवाहक उद्योगात एका चकतीवर हजारो लेसर एकाच वेळी तयार होत, त्याच उद्योगात ते बाहेर पडताना एकेक करून हाताने जुळवावे लागत. परिणामी आवरणात बसविलेल्या लेसरच्या किमतीचा मोठा भाग स्फटिकाचा नसून जुळणीचा असे.

३. स्फटिकाने कोरलेली खाच

या अडचणीवरील उपाय ज्या ज्ञानातून निघाला, ते मूळचे तंतूसाठी मिळविलेले नव्हते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या क्षारद्रव्यात सिलिकॉनचा स्फटिक सर्व दिशांनी सारखा झिजत नाही, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकात चांगली परिचित झाली होती. १९६७ मध्ये फिने व क्लाइन यांनी अमाइनयुक्त द्रावणाने होणाऱ्या अशा कोरणीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्फटिकाचे ज्या तलावर अणू अधिक घट्ट बांधलेले असतात, तो (१११) तल इतर तलांच्या मानाने शेकडो पटींनी सावकाश झिजतो. म्हणून (१००) तलाच्या चकतीवर ऑक्साइडच्या संरक्षक थरात लांबट पट्टी उघडी ठेवून ती द्रावणात बुडविली, की दोन्ही बाजूंनी (१११) तलाच्या भिंती उघड्या पडतात, त्या पृष्ठभागाशी ५४.७४ अंशांचा कोन करतात आणि तळाशी एकमेकींस मिळून व्ही आकाराची खाच तयार होते. भिंती मिळाल्यावर कोरणी जवळजवळ थांबते. ट्रान्झिस्टर एकमेकांपासून विद्युत्‌दृष्ट्या अलग करण्यासाठी, तसेच व्हीमॉस नावाच्या ट्रान्झिस्टरांसाठी या खाचांचा उपयोग होत असे.

तंतूच्या दृष्टीने या खाचेचे मर्म साध्या भूमितीत आहे. कोन स्फटिकाने ठरविलेला असल्यामुळे खाचेची खोली केवळ तिच्या रुंदीवर अवलंबून राहते. खोली म्हणजे रुंदी भागिले दोनचे वर्गमूळ. १२५ मायक्रॉन व्यासाचा तंतू अशा खाचेत ठेवला, की तो दोन्ही भिंतींना टेकतो आणि त्याचा अक्ष खाचेच्या तळापासून त्रिज्येच्या तीनच्या वर्गमूळपट, म्हणजे १०८ मायक्रॉनांवर येतो. तो अक्ष चकतीच्या पृष्ठाच्या पातळीवर यावा असे वाटत असेल, तर खाचेची रुंदी १५३ मायक्रॉन ठेवली की पुरे. रुंदी एका मायक्रॉनाने चुकली, तर अक्षाची उंची ०.७ मायक्रॉनाने चुकते. आणि रुंदी ठरविण्याचे काम फोटोलिथोग्राफीचे, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने केलेल्या एक प्रकारच्या शिळाछापाचे असते. ती कला एकात्म मंडलांच्या निर्मितीने मायक्रॉनाच्या अचूकतेपर्यंत अगोदरच नेऊन ठेवली होती. शिवाय एक खाच काढावयास जितका वेळ लागे, तितक्याच वेळात शंभर निघत, आणि त्यांच्यामधील अंतरेही तितकीच नेमकी असत.

१९७६ मध्ये एच. पी. ह्सू व ए. एफ. मिल्टन यांनी सिलिकॉनच्या खाचेत बसविलेला एकपथी तंतू आणि त्यावर पालथी घातलेली प्रकाशपथाची चिप यांचा सांधा 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स'मध्ये वर्णिला. त्याच वर्षी बेल कंपनीने अटलांटा येथे केलेल्या चाचणीतील केबलमध्ये १२ फितींत प्रत्येकी १२, असे एकूण १४४ तंतू होते. इतके तंतू एकेक करून रस्त्याखालील चेंबरमध्ये जोडणे व्यवहार्य नव्हते, म्हणून सर्व फिती एकदम जोडण्याची रीत शोधणे भाग पडले. जानेवारी १९७८ च्या 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये सी. एम. मिलर यांनी कोरलेल्या सिलिकॉन-चिपांच्या साहाय्याने तंतूंच्या ओळी जोडण्याची पद्धत मांडली. खाचा असलेल्या चिपा आणि तंतूंच्या फिती एकाआड एक रचून त्यांची चळत करावयाची, टोके घासून सपाट करावयाची, आणि अशा दोन चळती समोरासमोर आणावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. कुशल हातांचे काम येथे रचणे व घासणे एवढ्यापुरते उरले, आणि अक्ष कोठे असावा हे स्फटिकाने ठरविले.

१९८२ मध्ये आयबीएममधील कर्ट पीटरसन यांनी 'यांत्रिक द्रव्य म्हणून सिलिकॉन' या विषयावर विस्तृत निबंध लिहिला. त्यात शाईच्या फवारणीच्या तोट्या, दाबमापक, सूक्ष्म आरसे यांच्याबरोबरच तंतू बसविण्याच्या खाचांचाही समावेश होता. ज्या वस्तू तोवर सुट्या युक्त्या वाटत होत्या, त्या एका विद्येच्या शाखा आहेत, ही जाणीव या निबंधाने दृढ केली.

४. डाखाचा पृष्ठताण

खाचेने तंतूचे स्थान निश्चित केले, पण लेसरचे स्थान निश्चित करण्याचे काम शिल्लक होते. येथेही उपयोगी पडलेली कल्पना दुसऱ्या क्षेत्रातील होती. आयबीएमच्या संगणकांतील चिपा पालथ्या घालून डाखाच्या सूक्ष्म थेंबांवर बसविण्याची रीत एल. एफ. मिलर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिचा उद्देश विद्युत्‌जोडणीचा होता. परंतु डाख वितळला, की थेंबांचा पृष्ठताण चिपेला ओढून खालच्या व वरच्या धातूच्या ठिपक्यांना समोरासमोर आणतो, असे त्यात दिसून आले. चिप ठेवताना काही मायक्रॉनांची चूक झाली, तरी ती भट्टीत दुरुस्त होई. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधील प्लेसी कंपनीत एम. जे. वेल व सी. एज यांनी हाच गुण प्रकाशीय उपकरणांच्या संरेखनासाठी वापरला. ज्या चकतीवर खाच कोरली, तिच्यावरच त्याच छपाईच्या क्रमाने डाखाचे ठिपके उमटविले, म्हणजे तंतू व लेसर या दोहोंची स्थाने एकाच चित्रातून निश्चित होतात. १९८९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील हेन्री, ब्लाँडर व काझारिनोव्ह यांनी सिलिकॉनवर काचेचे प्रकाशपथ घालून त्यावर निरनिराळी साधने बसविण्याची योजना मांडली होती. सिलिकॉनच्या चकतीला 'प्रकाशीय बाक' म्हणण्याचा प्रघात याच काळातील आहे. लेसर न पेटविता केलेल्या या जुळणीस निष्क्रिय संरेखन असे नाव मिळाले.

वितळलेल्या काचेचा पृष्ठताण तंतूला तंतूशी जुळवितो आणि वितळलेल्या डाखाचा पृष्ठताण लेसरला तंतूशी जुळवितो. दोन्ही शोध स्वतंत्रपणे लागले. पण दोहोंत हाताची चूक ज्या अवस्थेत सुधारली जाते, ती द्रवावस्थाच आहे.

५. हलणारे सिलिकॉन

१९९० नंतर सिलिकॉनच्या सूक्ष्मरचना स्थिर राहिल्या नाहीत. जर्मनीतील बॉश कंपनीत फ्रान्झ लेर्मर व आंड्रेआ शिल्प यांनी वायुरूप प्लाझ्माने खोल व उभ्या भिंती कोरण्याची प्रक्रिया सिद्ध केली. तिला स्फटिकतलांचे बंधन नव्हते. १९९७ मध्ये न्यूशातेल येथील मार्क्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेने ७५ मायक्रॉन उंचीचा उभा आरसा, त्याला हलविणारी विद्युत्‌स्थितिक यंत्रणा आणि तंतू बसविण्याच्या खाचा ही तिन्ही एकाच कोरणीत काढली. आरसा पुढे सरकला, की प्रकाश एका तंतूतून दुसऱ्याऐवजी तिसऱ्या तंतूत जाई. येथे संरेखन आणि यंत्र यांच्यातील भेदच नाहीसा झाला, हे या उपकरणाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

याच मार्गावरील मोठ्या आरशांच्या स्विचांवर पुढे प्रचंड आशा केंद्रित झाल्या. ल्यूसेंट कंपनीने १९९९ मध्ये २५६ तंतू आत व २५६ बाहेर अशा क्षमतेचा स्विच घोषित केला. नॉर्टेल कंपनीने २००० मध्ये झ्रोस ही अशाच आरशांवर काम करणारी कंपनी ३२५ कोटी डॉलर किमतीचे भाग देऊन विकत घेण्याचे ठरविले. २००१ मध्ये दूरसंचार व्यवसायाचा फुगवटा ओसरला आणि या योजनांपैकी बहुतेक गुंडाळल्या गेल्या. मात्र ती विद्या नष्ट झाली नाही. २०२२ मध्ये गूगलने आपल्या विदाकेंद्रांत सूक्ष्म आरशांचे प्रकाशीय स्विच वापरात असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक आरशाचा कोन कॅमेऱ्याने पाहून सतत दुरुस्त केला जातो. म्हणजे सक्रिय संरेखन येथे परत आले, फरक एवढाच की मापकाकडे पाहणारा आता मनुष्य नाही.

६. निष्क्रिय संरेखन सार्वत्रिक का झाले नाही

वरील हकीकतीवरून, १९९० च्या सुमारास हाताच्या जुळणीचा अंत झाला असावा, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दूरपल्ल्याच्या लेसरांची जुळणी त्यानंतरही दीर्घकाळ प्रकाश पेटवूनच होत राहिली. याची कारणे तीन प्रकारची दिसतात.

पहिले कारण भौतिक आहे. खाच तंतूच्या बाह्य पृष्ठाला धरते, प्रकाश मात्र गाभ्यातून जातो. गाभा मध्यापासून ढळलेला असेल किंवा तंतूचा व्यास कमीअधिक असेल, तर खाच कितीही अचूक असून उपयोग नाही. व्यास एका मायक्रॉनाने चुकला, तर अक्षाची उंची ०.८७ मायक्रॉनाने चुकते. एकपथी तंतूंच्या जी.६५२ या आंतरराष्ट्रीय मानकात गाभ्याचे विचलन ०.६ मायक्रॉनांच्या आत व व्यास १२५ मायक्रॉनांपासून ०.७ मायक्रॉनांच्या मर्यादेत असावा असे बंधन आहे. ही शिस्त तंतूच्या निर्मितीत हळूहळू आली, आणि ती येईपर्यंत सिलिकॉनची अचूकता काही अंशी वाया जात होती. त्यात खाच, तंतू, डाखाचे ठिपके आणि लेसरची पट्टी यांच्या चुका एकत्र मिळत.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. निष्क्रिय पद्धतीत आरंभीचा खर्च मोठा आणि दर नगाचा खर्च अल्प असतो, तर सक्रिय पद्धतीत याच्या उलट स्थिती असते. महासागराखालील केबलींना लागणाऱ्या लेसरांची संख्या थोडी आणि किंमत भरपूर असल्यामुळे तेथे कामगाराचा वेळ हा गौण खर्च होता. उलट घरोघर किंवा यंत्रायंत्रांत तंतू नेण्याच्या योजनांत लाखो स्वस्त सांधे लागत, तेथे निष्क्रिय पद्धतीला वाव होता.

तिसरे कारण सामाजिक आहे, आणि शोधांच्या इतिहासात ते बहुधा गाळले जाते. सूक्ष्मदर्शकाखालील जुळणीचे काम थायलंड, चीन यांसारख्या कमी मजुरीच्या देशांत हलविता आले. त्यामुळे हात टाळण्याची जी आर्थिक निकड होती, ती बरीच सौम्य झाली. स्फटिकाची स्पर्धा केवळ अन्य यंत्राशी नव्हती, तर दूर देशातील कुशल आणि स्वस्त कामगाराशी होती. या कामगारांची नावे निबंधांत किंवा पेटंटांत येत नाहीत. परंतु पृथ्वीच्या पाठीवरील प्रकाशतंतूंच्या जाळ्याचा मोठा भाग त्यांच्या हातांनी जुळलेला आहे.

गेल्या काही वर्षांत या हिशेबाचे पारडे फिरले आहे. सिलिकॉनच्याच चिपेवर प्रकाशपथ काढण्याची विद्या प्रगत झाल्यामुळे विदाकेंद्रांना लागणाऱ्या तंतुसांध्यांची संख्या हातांच्या आवाक्याबाहेर गेली. आयबीएमच्या संशोधकांनी २०१० नंतरच्या दशकात १२ तंतूंची फीत चिपेवरच कोरलेल्या खाचांत स्वयंचलित यंत्राने बसविण्याची रीत विकसित केली. ग्लोबलफाउंड्रीज कंपनीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या निर्मितिप्रक्रियेत अशा खाचांची सोय ठेवलेली आहे. १९७६-७८ मधील खाच चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा मध्यवर्ती स्थानी आली. पूर्वी ती चिपेच्या शेजारी असे, आता ती चिपेतच आहे.

उपसंहार

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण निश्चित आहे. तंतूंच्या संरेखनातील निर्णायक शोध कोणा एका व्यक्तीच्या नावावर मांडता येत नाहीत. खाच ट्रान्झिस्टरांसाठी होती, डाखाचे थेंब संगणकासाठी होते. त्यांचे नवेपण त्यांना नव्या कामाला लावण्यात होते. तसेच, एखादी रीत सिद्ध होणे आणि ती रूढ होणे यांत चाळीस वर्षांचे अंतर पडू शकते, व त्या अंतराचे कारण भौतिकशास्त्राइतकेच मजुरीच्या दरात शोधावे लागते.

अभ्यासकांना या दृष्टीने जवळचेही एक क्षेत्र उपलब्ध आहे. भारतातील दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली स्थानिक प्रकाशतंतू-प्रणाली १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली. तंतूंचे सांधे कसे द्यावेत हा प्रश्न जगभर अजून खुला होता, तो हा काळ. त्या प्रणालीतील सांधे कोणत्या रीतीने दिले गेले, त्यासाठी कोणती साधने होती आणि ते काम करणाऱ्यांना ते कौशल्य कसे मिळाले, याची माहिती कागदपत्रांतून व त्या पिढीतील अभियंते आणि तंत्रज्ञ यांच्या आठवणींतून संकलित करणे, हे पदव्युत्तर संशोधनास योग्य असे कार्य होय. काच आणि लेसर यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. सांध्यांचा इतिहास मात्र सांधे देणाऱ्यांना विचारूनच पुरा करता येईल.